एकतीस जणांचे डोळे

"ज्योत्स्ना, काऊन सारखी जागा बदलून राह्यली? मुंग्या हायत का तिथं?" अण्णासाहेबांनी चष्म्याच्या वरून पाहत विचारलं.

"न्हाई सर. उजेड कमी पडून राह्यला," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा चटई ओढून खिडकीजवळ नेली.

उजेडाचा काही प्रश्न नव्हता. दुपारचे बारा वाजले होते आणि पतसंस्थेच्या हसनाबादमधल्या बंद पडलेल्या शाखेच्या तिन्ही खिडक्यांतून ऊन आत येत होतं. प्रश्न असा होता की कुठंही बसलं तरी आपल्याकडे कोणीतरी बघतंय असं ज्योत्स्नाला वाटत होतं, आणि पस्तीस वर्षं लोकांच्या वह्या चाळण्यात घालवलेल्या सीएला सांगावं असं हे कारण नव्हतं. खोलीत ते दोघंच होते. दाराबाहेर प्रशासकांनी नेमलेला चौकीदार खुर्चीत झोपला होता. भिंतीवर पतसंस्थेच्या संस्थापकांचा फोटो होता, पण काचेवर इतकी धूळ साचली होती की आतला फक्त फेटा दिसत होता. म्हणजे तोही बघत नव्हता.

अण्णासाहेब शेजुळांच्या जालन्याच्या ऑफिसात सीएच्या उमेदवारीला, म्हणजे आर्टिकलशिपला, लागून तिला चार महिने झाले होते आणि फॉरेन्सिक ऑडिटच्या कामावर येऊन अकरा दिवस. पतसंस्था बुडाली होती, शाखाधिकारी जामिनावर बाहेर होता आणि पैसा नेमका कोणत्या वाटेनं गेला हे शोधून कोर्टापुढं मांडायचं काम अण्णासाहेबांकडे आलं होतं. ज्योत्स्नानं हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा तिची आई उषाबाई घाबरल्याच होत्या. टेंभुर्णीच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या उषाबाईंचा फॉरेन्सिक या शब्दाशी संबंध फक्त टीव्हीवरच्या मालिकेतून आलेला.

"म्हंजे मड्याचं काम हाय का गं?"

"मड्याचं न्हाई माय. हिशोबाचं."

"मंग बरं हाय," उषाबाई म्हणाल्या होत्या. ज्योत्स्नानं ते ऑफिसात सगळ्यांना सांगून हसवलं होतं. हसली की तिचे डोळे बारीक होत होत अगदी दिसेनासे व्हायचे. "हसून घे आताच," अण्णासाहेब म्हणाले होते. "फाइलीपुढं हसलीस तर वाचशील कशानं?"

आता तिच्यापुढं दोनशे अकरा फाइली होत्या. सगळी कर्जं पन्नास हजारांच्या आतली, कारण पन्नास हजारांपर्यंत शाखाधिकाऱ्याची एकट्याची सही चालत होती. सगळी २०१८ आणि २०१९ मधली. अर्ज, अर्जावर चिकटवलेला फोटो, खाली अंगठा, मागं जामीनदाराचं नाव. कोणी शेळ्यांसाठी घेतलेलं, कोणी पिठाच्या गिरणीसाठी. हप्ता मात्र एकाचाही भरलेला नाही.

अण्णासाहेबांनी पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट शिकवली होती. "चोरी करणारा माणूस आळशी असतो. एकदा जमलं की तेच परत परत करतो. तू चोर शोधू नको. परत परत काय येऊन राह्यलं, तेवढंच बघ." आणि एक हत्यार दिलं होतं. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला मधोमध बोटभर रुंद आणि चार बोटं लांब खिडकी कापलेली. तो सहीवर ठेवायचा. आजूबाजूचं सगळं झाकलं जातं, नाव, गाव, रक्कम, काही दिसत नाही. नुसती सही उरते आणि मग एकाच हाताच्या दहा सह्या आपोआप ओळखू येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर त्यांचा जितका विश्वास नव्हता तितका या पुठ्ठ्यावर होता.

ज्योत्स्नानं एक फाइल उघडली आणि पाण्याची बाटली घ्यायला वळताना पुठ्ठा हातातून सुटला. तो अर्जावर पडला, पण सहीवर नाही. फोटोवर. खिडकीतून फक्त दोन डोळे दिसत होते.

तिनं पुठ्ठा उचलला. खाली साठीची एक बाई होती, कपाळ मोठं, नाकात फुली. पुठ्ठा तसाच धरून तिनं पुढची फाइल उघडली आणि का कोण जाणे, फोटोवर ठेवला. तेच डोळे. पुठ्ठा काढला तर खाली एक तरणा पोरगा होता, मिसरूड फुटलेला.

तिनं तिसरी फाइल घेतली, ती वेगळी निघाली. चौथी वेगळी. पाचवीत एक टक्कल पडलेला म्हातारा होता आणि त्याच्या चेहऱ्यात तेच डोळे होते, समोर रोखलेले, शांत, पुरे उघडलेले. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला एक बारीक खाच होती. म्हाताऱ्याला होती, पोराला होती, नाकात फुली घातलेल्या बाईलाही होती.

"सर," ती म्हणाली. "जरा इकडं या."

अण्णासाहेब गुडघ्यावर हात टेकत उठले. तिनं तीन अर्ज ओळीनं मांडले आणि एकेकावर पुठ्ठा ठेवून दाखवला. ते वाकून एकेक फोटो बघत राहिले. मग खिडकीशी गेले, एक अर्ज उन्हात तिरपा धरला आणि परत आले.

"किती?"

"मोजले न्हाईत अजून."

"मोज."

संध्याकाळी पाचपर्यंत एकोणीस झाले. एक गठ्ठा बाकी होता तो अण्णासाहेबांनी सील करून जालन्याला नेला.

पुढचे चार दिवस त्या एकोणीस जणांना शोधण्यात गेले. पत्ते हसनाबादचे आणि आसपासचे होते. ज्योत्स्ना आणि ऑफिसातली साक्षी, दोघी घरोघर फिरल्या. गावात त्या नावाचा माणूसच नव्हता. एक पत्ता शाळेच्या मैदानाचा निघाला, एक पाझर तलावाचा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी फोटो दाखवले. "ह्या गावातलं न्हाई हे माणूस," असं एकेक जण सांगायचा. एका आजीनं मात्र फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि पटकन परत दिला. "बाई, हे माणूस बघून न्हाई राह्यलं. ह्याच्यातून दुसरंच कोणीतरी बघून राह्यलं," ती म्हणाली आणि पदर सावरून आत निघून गेली. परतीच्या वाटेवर साक्षीनं फोटो ज्योत्स्नाकडे देऊन टाकले.

आणि आणखी एक गोष्ट अण्णासाहेबांना सापडली. पहिल्याला दुसरा जामीन होता, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. अशी ती साखळी चालली होती.

ज्योत्स्नाला त्या डोळ्यांची भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. ते तिला ओळखीचे वाटत होते. जेवताना, बसमध्ये, रूमवर झोपताना ती आठवून बघायची आणि नाव जिभेवर यायचं नाही. हे डोळे आपल्याला रागवलेले आहेत, हे डोळे आपल्याला एकदा शाबास म्हणाले आहेत, असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात यायचं.

शनिवारी ती टेंभुर्णीला घरी गेली.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतीवर तथागतांची तसबीर, तिच्या शेजारी बाबासाहेबांची आणि त्यांच्या खाली, जरा लहान चौकटीत, राजानंद. तिचे वडील. ती तीन वर्षांची असताना ते विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेले होते. वय एकोणतीस. ज्योत्स्नाला त्यांची एकही आठवण नव्हती. तिला आठवत होता तो हा फोटो. शाळेत जाताना ती या फोटोला "येते बाबा" म्हणायची. आठवीत गणितात नापास झाली तेव्हा चार दिवस भिंतीकडे पाठ करून जेवली होती. सीए इंटरचा निकाल लागला तेव्हा आईच्या आधी फोटोला सांगितला होता. बिनबापाची पोर म्हणून कोणी कीव केली की तिला नवल वाटायचं. बाप तर रोज समोर होता, नुसता बोलत नव्हता इतकंच.

तिनं पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि सवयीनं वर बघितलं.

मग पिशवीतून तिनं तो पुठ्ठा काढला. स्टुलावर चढली. काचेवर पुठ्ठ्याची खिडकी पहिल्यांदा नीट बसेना. बसली तेव्हा तिला काही पडताळायची गरज उरली नाही. डाव्या पापणीला खाच होती.

मागं भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. उषाबाई पिठाच्या हातानं दारात उभ्या होत्या.

"ते काय करून राह्यली गं?"

"माय," स्टुलावरून न उतरता ज्योत्स्नानं विचारलं, "हे डोळे बाबाचे हायत का?"

उषाबाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

मग जे होतं ते त्यांनी सांगून टाकलं. राजानंदचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या एकुलत्या एक फोटोत त्यानं डोळे मिटले होते, फ्लॅश पडला की त्याचे डोळे मिटायचेच. मतदान कार्डावर नुसता काळा डाग. विहिरीतून वर काढला तेव्हा चेहऱ्याला काही लागलेलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, पोरीसाठी एक तरी फोटो पाहिजे. बाजारातल्या द्वारका स्टुडिओच्या भुजंगला बोलावलं. त्या वेळी आपल्या वस्तीत असा पटकन कोणी येत नव्हता, पण तो जेवत्या ताटावरून उठून आला. राजानंदला भिंतीला टेकवून बसवलं, मागं पांढरी चादर धरली. आठ दिवसांनी तो हा फोटो घेऊन आला. डोळे उघडलेला.

"मला बघताच कळलं," उषाबाई म्हणाल्या. "तुह्या बाबाचे डोळे बारीक व्हते. हसला की दिसतच नव्हते. हे मोठमोठे, बघणारे... पण तू त्याच्याकडं बोट करून बाबा म्हणली. मंग मी काय करू? काढून टाकू?"

भाकरी तव्यावर करपली. त्या वासानं दोघी भानावर आल्या, पण उठली कोणीच नाही. ज्योत्स्नाला रडू आलं नाही, राग आला. कोणावर ते तिला कळेना. अठरा वर्षं आपण एका परक्या माणसाच्या नजरेला घाबरलो, लाडात आलो, रुसलो. बाबानं आपल्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली. आता काय सापडणार हे तिला ठाऊक होतं. राहिलेला गठ्ठा अण्णासाहेबांच्या समोर सोडला गेला. त्यात आणखी बारा निघाले. बारांपैकी नववा अर्ज भानुदास नावाच्या माणसाचा होता. कर्ज एकोणपन्नास हजार, कारण दोन म्हशी. वैवाहिक स्थिती विवाहित. अपत्ये दोन. फोटो तिच्या भिंतीवरचा.

वय एक्केचाळीस लिहिलं होतं. तिनं अर्जावरच्या तारखेवरून मनात वजाबाकी केली. बाबा असते तर २०१८ साली बरोबर एक्केचाळीसचे असते. कोणीतरी बसल्या बसल्या मनाला येईल तो आकडा टाकला होता. तरी तिला वाटलं, की ते इतकी वर्षं इथं हसनाबादच्या कपाटात वाढत होते. म्हशी घेतल्या होत्या, आणखी एक लेकरू झालं होतं. आपल्याशिवायच सगळं चाललं होतं.

"सर, हे माझे वडील हायत," ती म्हणाली. "दोन हजार सहाला वारले."

मिटलेल्या डोळ्यांवर भुजंगनं दुसरे डोळे कसे बसवले तेही तिनं सांगितलं. अण्णासाहेबांनी पेन खाली ठेवलं. पोऱ्याला चहा सांगितला आणि आल्यावर आधी तिला पाजला.

"ह्या फाइलीला आता तू हात लावायचा न्हाई. घरचं माणूस निघालं की कायदा तसाच हाय. आन् खरं तर मीबी तुला लावू देणार न्हाई." त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. "पण एक गोष्ट सांगतो, बराबर ऐक. ह्या एकतीस जणांत एकाचंबी खरं नाव आपल्याला ठाऊक न्हाई. नाव न्हाई तर मृत्यूचा दाखला न्हाई. आन् दाखला न्हाई तर समोरचा वकील काय म्हणंल? फोटोवाल्यानं फोटो बिघडवले, माणसं जिती हायत, शोधा. शाखाधिकारी सुटतो मंग बिलकुल. ज्यांचे पैसे बुडाले ते बसतील दारात."

"एकाचं नाव कळलंय आता."

"हो. पण मी मागणार न्हाई."

मागायचं काय होतं ते ज्योत्स्नाला समजत होतं. मृत्यूचा दाखला, आईचा जबाब आणि भिंतीवरचा तो फोटो. झेरॉक्स चालणार नव्हती, कारण फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का आणि २००६ ची तारीख होती. मूळ फोटो कोर्टात जमा होणार. खटला किती वर्षं चालेल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

उषाबाईंनी ऐकलं आणि सरळ नाही म्हणाल्या. "जित्यापणी एकदाबी कोर्टाची पायरी चढला न्हाई तो. मेल्यावर काऊन न्यायचा?"

"माय, ते बाबाचे डोळेसुदिक न्हाईत."

"तोंड तर त्याचं हाय ना!" उषाबाई एवढ्या मोठ्यानं बोलल्या की शेजारीण डोकावली. "डोळे सोडून बाकी सगळा तोच हाय. ते कोणी द्यायचं मला परत?"

ज्योत्स्नाच्या मनात एकच मार्ग आला. भुजंगकाकाची जुनी पावती-वही सापडली, त्यात या एकतीस जणांची नावं आणि तारखा निघाल्या, तर राजानंदला भिंतीवरून उतरवावं लागणार नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी नावानं काम भागेल. जबाब नंतर अण्णासाहेब घेणार होते, पण वही आहे की नाही एवढं विचारायला हरकत नव्हती.

"मीबी येते," उषाबाई म्हणाल्या. निघताना त्यांनी स्टुलावर चढून फोटो काढला आणि कापडी पिशवीत घातला. "त्यालाच दाखवते, त्यानं काय करून ठुलं ते."

द्वारका स्टुडिओच्या जागी आता मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. भुजंगचं घर मागच्या गल्लीत. पत्र्याच्या सावलीत, काळा चष्मा लावून, सत्तरीचा एक माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. शेजारी त्याची बायको द्वारकाबाई दाणे पाखडत होत्या. शेंग फोडून तो दाणे अचूक परातीत टाकत होता, पण परातीकडे बघत नव्हता.

"भुजंगभाऊ, मी उषा. भीमनगरातली. राजानंदची."

"विहिरीवरचा," तो लगेच म्हणाला. "बस बाई. पोरगी व्हती तुला एक. मी फोटो काढून राह्यलो अन् ती मधी मधी येऊन राह्यली. त्याच्या मांडीवर जाऊन बसली, उठंना. पहिला फोटो वाया गेला तिच्यापाई."

ज्योत्स्ना उभीच राहिली. ही आठवण तिची होती आणि ती या माणसाजवळ होती.

तिनं स्वतःला सावरलं आणि कामाचं विचारलं. पावती-वही? भुजंगनं मान हलवली. "लग्नाच्या हायत, बारशाच्या हायत. गेलेल्या माणसाच्या फोटोचा एक रुपया घेतला न्हाई मी कधी. मंग पावती कशी असंल? नावंबी लिहून ठुली न्हाईत, आन् फोटो ओळखायला आता दिसत न्हाई."

तिचा सगळा भरवसा त्या वहीवर होता. रुपया दिला नाही तर खूण राहत नाही, आणि खूण नाही तर तिच्या विद्येला पुढं जाता येत नाही. ती आईकडे बघायचं टाळत म्हणाली, "आन् ते फोटो कॉम्प्युटरमधी व्हते?"

"व्हते ना. एका फोल्डरात सगळे. मंग मोबाइल आले, माह्या डोळ्याला दिसंना, धंदा बसला. अठरा साली कॉम्प्युटर इकला. हसनाबादच्या पतपेढीतला साहेब आल्ता, त्यानं नेला. लग्नाचे फोटो सगळे पुसले मी त्याच्यातून. पण ते फोल्डर पुसवलं न्हाई. गेलेल्या माणसाला डिलिट कसं करावं, बोट धजलं न्हाई. म्हटलं राहू द्या पडून, कोणाचं काय खातात."

ज्योत्स्नानं सांगितलं. साध्या शब्दांत, हळूहळू. एकतीस जण, खोटी नावं, कर्जं, एकमेकांचे जामीन. भुजंगचे हात शेंगांवर थांबले.

"म्हंजे त्यानं माह्या डोळ्यानं कर्ज काढलं," तो म्हणाला.

"तुमच्या?"

द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "ह्यांचेच डोळे लावायचे हे सगळ्यांना," त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "किती येळा म्हटलं, असं करू नका. एकेकाला देत गेले, देत गेले. आता बसले आंधळे होऊन."

"साखरेनं गेले डोळे. काहीबी बोलती," भुजंग हसला. "मंग कोणाचे लावू? जित्या माणसाचे डोळे मड्याला लावले तर त्याची उमर कमी व्हती म्हणायचे लोक. दुसऱ्याच्या लेकराचे कसे घ्यावे? मंग एक दिवस आपलाच फोटो काढला, आन् तेच वापरले सगळ्यांना. बाई असो, बाप्या असो."

त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागला, दिसत नसूनही. डाव्या पापणीला खाच होती. लहानपणी बाभळीचा काटा लागला असेल, काही असेल. बाहुल्यांवर दुधाळ पडदा आला होता, पण ते डोळे तेच होते. ज्यांच्यासमोर तिनं पाढे म्हटले, ज्यांच्याकडे पाठ करून जेवली, ते डोळे तिच्यापासून दोन हातांवर जिवंत होते आणि तिच्या खांद्याच्या जरा बाजूला, भिंतीकडे लागलेले होते. तिला पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी परीक्षेचा निकाल सांगावासा वाटला.

"पोलीस येतील का?" भुजंगनं विचारलं.

"जबाब घेतील, काका. आमचे सर सोबत राहतील."

"घेऊ द्या. केलं ते सांगन."

भांडायला आलेल्या उषाबाई पिशवी मांडीवर घेऊन नुसत्या त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होत्या. आता त्यांनी पिशवीचे बंद नीट बांधले, दोन गाठी मारल्या.

"पावती न्हाई म्हणल्यावर ह्यालाच जावं लागंल का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

ज्योत्स्नानं मान हलवली.

"मंग ने," उषाबाई म्हणाल्या. "पण तुह्या साहेबाला म्हणावं, तिथं त्याचं खरं नाव लिहा. राजानंद. ते दुसरं नाव खोडून टाका म्हणावं." आणि त्या उठून, डोक्यावर पदर घेत, अंगण ओलांडून रस्त्यावर गेल्या.

ज्योत्स्ना चप्पल घालायला पायरीशी वाकली. चप्पल घातली, दोन पावलं गेली आणि रोजच्यासारखी, काही मनात नसताना, वळली.

"येते," ती म्हणाली.

अठरा वर्षं ती हा शब्द याच डोळ्यांना सांगत आली होती.

भुजंगनं आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला. थोडा चुकला, मग बरोबर तिच्यावर आणला.

"ये, बाई," तो म्हणाला. "संभाळून जा."

रस्त्यावर उषाबाई थांबल्या होत्या. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती, काचेची बाजू आत.